कॉलेजात चेहरा दाखवून हजेरी येतेय, कुणाकडे चालू आहे का?

खडूफळा
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सीनियर कॉलेजात शिकवतो, नाव विचारू नका. पुढच्या टर्मपासून आमच्याकडे मस्टर बंद आणि हजेरी मोबाईल अ‍ॅपवर. म्हणजे पोरगं वर्गात आलं की स्वतःच्या फोनवर चेहरा दाखवायचा, अ‍ॅप तो अ‍ॅडमिशनच्या फोटोशी जुळवणार, लोकेशन बघणार, की लागली हजेरी. ७५ टक्क्यांच्या खाली गेलं की पालकांना आपोआप मेसेज. कंपनीचा माणूस डेमोला आला होता, डेमोत नेमका प्राचार्यांचाच चेहरा जुळेना. चष्मा काढल्यावर जुळला.
माझा विरोध नाहीये. नव्वद नावं घ्यायची म्हणजे लेक्चरची दहा मिनिटं गेली, आणि "येस सर" तीन कोपऱ्यांतून येतं पण आवाज एकच. फक्त मीटिंगमध्ये विचारलं की ज्याच्याकडे फोन नाही किंवा नेटपॅक संपलाय त्याचं काय, तर उत्तर आलं "बघू". म्हणून इथे विचारतोय. असलं काही तुमच्याकडे आहे का, वर्गातली डोकी खरंच वाढली का, आणि वाढली तर किती टिकली?

बाकावरचा
मी पहिला. माझ्या शेजाऱ्याची पण लावा सर.

एकशून्य
सर, चेहऱ्याचं माहीत नाही पण अंगठ्याचं सांगतो. पुण्यात इंजिनीअरिंगला होतो तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला बायोमेट्रिक मशीन बसवलं होतं. पहिला महिना सगळे सुतासारखे सरळ. मग कुणीतरी मेणावर अंगठा दाबून त्यात फेव्हिकॉल ओतायची आयडिया काढली. वाळला की पातळ पापुद्रा निघतो, तो आपल्या अंगठ्यावर ओला करून चिकटवायचा की मशीन गपगुमान घेतं. आमच्या सीआरकडे (वर्गप्रतिनिधीकडे) लग्नपत्रिकेच्या पाकिटात अख्ख्या हॉस्टेलच्या मजल्याचे अंगठे होते, मागे पेनने रोल नंबर टाकलेले. सबमिशनच्या फायली कधी कुणी इतक्या नीट ठेवल्या नसतील.
स्वस्तातल्या ऑप्टिकल मशीनला जिवंत बोट आणि पापुद्रा यातला फरक कळत नाही, गंमत सगळी तिथेच आहे.

चहाबाज
एकशून्य, दंडवत घ्या _/\_
पाकीट आहे का अजून?

मंजिरी२
मी पालकाच्या बाजूने लिहिते. लेकीच्या कॉलेजात कार्ड आहे, दारातल्या मशीनला लावायचं. एकदा दुपारी मला मेसेज आला की आपली पाल्य आज गैरहजर. मी ऑफिसात, छातीत धस्स झालं, फोन लावला तर उचलेना. तासाभराने तिचाच फोन आला, आई प्रॅक्टिकलला होते गं, फोन बॅगेत होता. कार्ड लावलं होतं, मशीन टुक्क वाजलंही होतं, पण नोंद झाली नव्हती कारण लाइट जाऊन आल्यावर मशीनची तारीखच मागे गेली होती. ऑफिसात विचारायला गेलो तर क्लार्क म्हणाला मॅडम सिस्टीममध्ये अ‍ॅबसेंट दिसतंय. अहो पण जर्नलवर सरांची त्याच दिवसाची सही आहे! तर म्हणे ते वेगळं.
त्या "सिस्टीममध्ये दिसतंय"ला उत्तरच नसतं हो कुणाकडे.

दादूस
मला मुळात हे पटतच नाही. अठरा वर्षांचा माणूस मतदान करतो, गाडी चालवतो, बँकेचं कर्ज काढतो, पण वर्गात बसायचं की नाही हे ठरवायला त्याला अक्कल नाही? फी आम्ही भरलीय. ज्या सरांचं लेक्चर चांगलं असतं तिथे पोरं खिडकीतून उभं राहून ऐकतात, हे मी बघितलंय. हजेरीची सक्ती ही कंटाळवाण्या मास्तरांची सोय आहे, मग ती मस्टरवर असो नाहीतर मंगळावरच्या सॅटेलाइटने. खडूफळा सर, तुम्हाला उद्देशून नाही, राग मानू नका.

खडूफळा
राग कसला दादूस, पण चांगलं लेक्चर म्हणजे काय हे पण सांगा की. आमच्याकडे एक सर वर्षभर रिकाम्या वर्गाला शिकवतात आणि परीक्षेच्या आधी आयएमपी प्रश्न सांगतात, त्या दिवशी बसायला जागा नसते. आणि दुसऱ्या एक मॅडम जीव तोडून शिकवतात, त्यांचं लेक्चर सकाळी पावणेआठला असतं, समोर अकरा पोरं. लेक्चर चांगलं असून वेळ वाईट असली तर काय करायचं?

कायदेकानून
कायद्याच्या कॉलेजांपुरतं सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी लागते, अपवाद म्हणून ६५ पर्यंत सूट. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून लॉ कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही लावायला सांगितलं. आणि चौदा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने बरोबर उलट्या दिशेने निकाल दिला की हजेरी कमी म्हणून लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून अडवू नका, आणि बार कौन्सिलने हजेरीच्या नियमांचाच फेरविचार करावा. ते प्रकरण २०१६ मधल्या एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येतून उभं राहिलं होतं, हजेरी कमी म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नव्हतं.
आता दादूससाठी. तुमचं तत्त्व मान्य, पण आमच्या इथे निम्मी पोरं एलएलबीला नाव घालून दिवसभर नोकरी करतात. पोट आहे ना प्रत्येकाला. नियम करणाऱ्यांनी तीन वर्षांचा संध्याकाळचा कोर्स नीट चालवला असता तर अर्धा प्रश्न तिथेच मिटला असता. मशीन लावून नोकरी सुटत नाही, फक्त प्रॉक्सीचा, म्हणजे दुसऱ्याची हजेरी लावायचा, रेट वाढतो.

बाकावरचा
रेट? पैसे घेतात?? आम्ही वडापाववर केलं हो सगळं आयुष्य.

गोदाकाठ
महाराष्ट्र सरकारने हा प्रयोग आधीच करून बघितलाय, लोक विसरले. २०१८ च्या जूनमध्ये जीआर निघाला होता, अकरावी-बारावी सायन्सच्या पोरांची हजेरी बायोमेट्रिक, सुरुवात मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद, नागपूर. कारण होतं ते इंटिग्रेटेडचं खूळ. म्हणजे पोरगं नावाला ज्युनियर कॉलेजात, शरीराने दिवसभर क्लासमध्ये, आणि कॉलेज व क्लासवाले यांचं आतून साटंलोटं. मशीन लावून ते मोडायचं ठरलं.
माझा भाचा तेव्हा अकरावीला. मोडलं का? तुम्हीच आजूबाजूला बघा. जिथे कॉलेजलाच पोरं यायला नको आहेत तिथे मशीन कुणासाठी चालू ठेवायचं? खडूफळा सरांच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच की हजेरीचा आकडा कुणाला हवाय ते आधी बघा, मशीन कसलं ते नंतर.

पेणकर
+१ गोदाकाठ. शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

तासिकेवाला
मी तासिका तत्त्वावर शिकवतो. सगळे पोरांच्या हजेरीबद्दल बोलतायत, मी जरा आमची व्यथा मांडतो. मला तासाप्रमाणे पैसे. महिनाअखेरीला तासांचा हिशेब मस्टर आणि बायोमेट्रिक दोन्हींशी ताडून बघतात. आता समजा मी अकराच्या तासाला गेलो आणि वर्गात दोनच पोरं, तर तो तास झाला की नाही झाला? विभागप्रमुख म्हणतात किमान अमुक पोरं पाहिजेत. म्हणजे पोरं बुट्टी मारणार आणि पैसे माझे कापणार. मग मी काय करणार? पोरांना फोन करून बोलावतो. एका सेमिस्टरला तर मी समोसे खाऊ घातलेत, हे लिहायला लाज वाटत नाही मला आता.
खडूफळा सर, तुमच्या अ‍ॅपचा रिपोर्ट प्राचार्यांकडे जाणार ना, तो पोरांचा म्हणून जाईल आणि प्राध्यापकांचा म्हणून वाचला जाईल. लिहून ठेवा.

लीड्सकर
गोदाकाठ यांच्या मुद्द्यावरून आठवलं. इकडे इंग्लंडमध्ये हजेरी कुणाला हवीय हे स्पष्ट आहे, व्हिसावाल्यांना. परदेशी विद्यार्थी घ्यायचे तर युनिव्हर्सिटीला स्पॉन्सर म्हणून लायसन्स लागतं, आणि पोरगं खरंच शिकतंय का यावर लक्ष ठेवावं लागतं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये लंडन मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीचं हे लायसन्स काढून घेतलं होतं. तपासायला घेतलेल्या फायलींपैकी निम्म्याहून जास्त पोरं लेक्चरला येतात की नाही याचा धड पुरावाच नव्हता, हे एक कारण. दोन हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थी एका रात्रीत लटकले, त्यात आपले भरपूर. पुढच्या वर्षी लायसन्स परत मिळालं, पण तेव्हापासून इथल्या सगळ्या युनिव्हर्सिट्यांनी धसका घेतला.
मी मास्टर्सला आलो तेव्हा असं होतं की लेक्चर सुरू झालं की पडद्यावर एक कोड यायचा, तो फोनवर टाकायचा. आता भारतीय पोरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कशासाठी असतो? कोड पडद्यावर यायच्या आत ग्रुपवर. एकाने रात्रभर वेअरहाऊसमध्ये पाळी करून सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या हजेरी लावली, आणि प्रोफेसरने त्याच दिवशी डोकी मोजली. समोर पंचवीस, सिस्टीममध्ये साठ. पुढच्या आठवड्यापासून कॉलेजच्या वायफायशिवाय कोड चालेना.
गंमत म्हणजे गोऱ्या पोरांना या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. त्यांची हजेरी कमी झाली की ट्यूटरचा ईमेल यायचा, तब्येत बरी आहे ना, काही अडचण आहे का? आम्हाला पण तोच ईमेल यायचा, पण आम्ही तो वाचायचो वेगळ्या मनाने.

दादूस
लीड्सकर, शेवटचा परिच्छेद आवडला. पण म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला ना? एकच यंत्रणा, एकाला काळजी आणि दुसऱ्याला पहारा.

लीड्सकर
सिद्ध नाही दादूस, अर्धा झाला. आमच्या बॅचचा एक मुलगा खरोखर डिप्रेशनमध्ये गेला होता, खोलीबाहेरच यायचा नाही. आम्हा रूममेटांना वाटायचं झोपाळू आहे. युनिव्हर्सिटीला आधी कळलं, लागोपाठ गैरहजर दिसला म्हणून वेल्फेअरची बाई दारात आली. मस्टरवर कुणी बघितलं असतं का हे?

डॉ_स्टेथो
मेडिकलवाल्यांना विसरू नका. आमच्या शिक्षकांना आधी आधारशी जोडलेलं बोटाचं मशीन होतं, १ मे २०२५ पासून नॅशनल मेडिकल कमिशनने चेहऱ्यावर आणलं, फोनवरच, लोकेशनसकट. मूळ रोग काय, तर घोस्ट फॅकल्टी. तपासणीच्या दिवशी दुसऱ्या गावाहून प्रोफेसर आणायचे, कोट घालून उभे करायचे, की कॉलेजला मान्यता. म्हणजे मास्तरांची प्रॉक्सी, तीही संस्थेच्या खर्चाने! त्यामुळे पोरांना शहाणपण शिकवताना मला जरा हसू येतं.
तांत्रिक तक्रार अशी की ऑपरेशन थिएटरमधून मास्क-टोपी काढून बाहेर यायचं, रेंज शोधायची, डोळे मिचकवायचे, मग परत हात धुऊन आत. पण पोरांच्या बाबतीत माझं मत कडक आहे. वॉर्डात न आलेला पोरगा उद्या माझ्या सुनेची डिलिव्हरी करणार. तिथे दादूसचं अठरा वर्षांचं स्वातंत्र्य मला चालणार नाही.

दादूस
डॉक्टर, क्लिनिकल पोस्टिंग वेगळं आणि बीएच्या दुसऱ्या वर्षाचा पर्यावरणाचा पेपर वेगळा. तिथे न बसल्याने कुणाचा जीव गेल्याचं ऐकिवात नाही. बसल्याने गेला असेल.

चहाबाज
=)) =)) पर्यावरणवाले येतील आता काठ्या घेऊन तुमच्या मागे.

रानजाई
मी स्वतः विद्यार्थिनी आहे, एसवायला. सर, तुमच्या जिल्ह्यातलीच आहे, कॉलेज कदाचित दुसरं असेल.
आमच्याकडे मागच्या टर्मला असंच अ‍ॅप आलं. माझं गाव कॉलेजपासून लांब. सकाळी मुक्कामी गाडी सुटते ती मिळाली तर पहिलं लेक्चर मिळतं, त्यानंतरची गाडी दोन तासांनी, आणि ती पण भरलेली असली की ड्रायव्हर थांबवत नाही, हात करून निघून जातो. अ‍ॅपमध्ये हजेरीची खिडकी लेक्चर सुरू झाल्यापासून दहा मिनिटं. मस्टर होतं तेव्हा मी वीस मिनिटांनी आले तरी सर मागच्या बाकावर बस म्हणायचे आणि शेवटी नाव घ्यायचे, त्यांना गाडीचं माहीत होतं. आता सर म्हणतात मला वाईट वाटतं पण माझ्या हातात काही नाही, खिडकी बंद झाली. पूर्ण लेक्चर ऐकून मी गैरहजर. आणि माझ्या वर्गातली एक मुलगी गावातच राहते, ती गेटवर येऊन हजेरी लावते आणि घरी जाते, ती हजर.
अजून एक म्हणजे माझा फोन घरचा आहे, म्हणजे भावाचा आणि माझा मिळून एक. त्याची परीक्षा असली की फोन त्याच्याकडे. मैत्रिणीच्या फोनवर लॉगिन केलं तर अ‍ॅपने "संशयास्पद डिव्हाइस" म्हणून मला लॉक केलं. उघडायला अर्ज, अर्जाला कारण, कारणाला पालकांची सही. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला हजेरीचा टक्का लागतो म्हणून एवढा जीव खालीवर, नाहीतर मी पण दादूसकाकांसारखं म्हटलं असतं.

मंजिरी२
रानजाई बाळा, तुझी पोस्ट प्रिंट काढून त्या कंपनीच्या माणसाला दिली पाहिजे.

दादूस
काका?? ठीक आहे. मान्य. पण पोरीचा मुद्दा शंभर टक्के.

एकशून्य
गेटवरून हजेरी लागते याचं कारण सांगतो. फोनचं जीपीएस सिमेंटच्या इमारतीत गंडतं, वीस-पन्नास मीटर इकडे तिकडे सहज दाखवतं. खऱ्या हजर पोरांची बोंब होऊ नये म्हणून कंपनी वर्तुळ मोठं ठेवते, मग त्या वर्तुळात गेट, कँटीन, पार्किंग सगळं येतं. वर अँड्रॉइडमध्ये खोटं लोकेशन दाखवायची सोय डेव्हलपरांसाठी दिलेलीच असते, ती चालू आहे का हे चांगलं अ‍ॅप तपासतं, स्वस्त अ‍ॅप तपासत नाही.
प्राचार्यांच्या चष्म्याबद्दल. एकाच फोटोशी जुळवायचं (हा तूच का?) हे त्यातल्या त्यात सोपं, वर्गात एक कॅमेरा लावून सगळ्या कॉलेजातून ओळखायचं (हा कोण?) हे अवघड, नोंदी वाढत जातील तसा चुकीचा माणूस जुळायची शक्यता वाढते. सर, तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे, तेवढं बरं. पण अ‍ॅडमिशनचा फोटो बारावीचा, त्यात पोराला मिशी नाही, टीवायला दाढी. दरवर्षी नवीन फोटो घ्यायला लावा.
आणि सर्वात महत्त्वाचं, तो चेहऱ्याचा डेटा राहतो कुठे? पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा कुठून बदलणार? स्वीडनमध्ये शेलेफ्टेओ नावाच्या गावात एका शाळेने बावीस मुलांवर तीन आठवडे कॅमेऱ्याने हजेरीचा प्रयोग केला, पालकांची संमती घेऊन. २०१९ मध्ये तिथल्या डेटा प्राधिकरणाने नगरपालिकेला दोन लाख क्रोनर दंड ठोकला. म्हणणं असं की शाळा आणि विद्यार्थी यांच्यात सत्तेचा एवढा फरक असताना त्या संमतीला मोकळेपणाने दिलेली संमती म्हणता येत नाही, आणि हजेरी साध्या मार्गानेही घेता येते. आपल्याकडे डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, सगळ्या तरतुदी लागू व्हायला अजून मुदत आहे. तोवर कंपन्यांचं आयतं फावतंय.

वाळवंटी
अमेरिकेतून. इथे २०१० मध्ये नॉर्दर्न अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीने मोठ्या हॉलच्या दारात कार्ड ओळखणारे सेन्सर बसवायचं ठरवलं, सरकारी स्टिम्युलसच्या पैशातून. विद्यार्थ्यांनी फेसबुकवर ग्रुप काढून आरडाओरडा केला होता. नंतर दहा-एक वर्षांत ब्लूटूथचे बीकन (वर्गात लावायचे छोटे सिग्नल देणारे डबे) आले, फोन खिशातच ठेवायचा, वर्गात शिरलं की आपोआप नोंद आणि मध्येच उठून गेलं तर तीही. त्यातली एक कंपनी तर बास्केटबॉलच्या माजी कोचने काढली, खेळाडू पोरं लेक्चरला जातात का बघायला.
हे फसवायला खोट्या लोकेशनचा वगैरे त्रास घ्यावा लागत नाही, फोनच मित्राच्या बॅगेत टाकला की झालं. पण इथली पोरं फोन सोडत नाहीत दोन मिनिटं, त्यामुळे चालतं.

अक्षरवेल
उशिरा आले धाग्यावर. मी शिक्षणशास्त्रात काम करते, तर एक भर. २०१० मध्ये रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्चमध्ये कॉलेजच्या हजेरीवरच्या जुन्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं होतं. त्यात हजेरी आणि मार्क यांचा संबंध दणदणीत निघाला, प्रवेशपरीक्षेच्या मार्कांपेक्षाही जास्त. संस्थाचालक एवढंच वाचतात. पण त्याच लेखात हेही आहे की हजेरी सक्तीची केल्याने मार्कांत पडणारा फरक मात्र लहान. म्हणजे जो आपणहून येतो त्याचं आणि ओढून आणलेल्याचं गणित एक नाही.
दादूस यांना अर्धे मार्क, डॉक्टरांना अर्धे.

डॉ_स्टेथो
ग्रेस मिळेल का?

पेणकर
ज्यांना हजेरी नकोच त्यांच्यासाठी नाशकात मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उघडं आहे, जाता जाता सांगितलं.

गोदाकाठ
पेणकर, त्यांच्या अभ्यासकेंद्रावर पण रविवारी बरेचजण संपर्कसत्राला येतात, कुणी बोलावत नाही तरी. नोकरी करणारी, चाळिशीची माणसं, पहिल्या बाकावर वही उघडून.

खडूफळा
मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल स्टाफ मीटिंग झाली. रानजाईची पोस्ट नाव न घेता वाचून दाखवली. खिडकी दहाऐवजी तीस मिनिटं करायला कंपनी तयार आहे, ते म्हणे आधीपासून बदलता येतंच, कुणी विचारलं नव्हतं. फोन नसलेल्यांची हजेरी शिक्षकाने हाताने टाकायची, पण त्याला आमच्या उपप्राचार्यांचा विरोध, म्हणे मग सगळेच फोन नाही म्हणतील. यावर बरीच वादावादी झाली. शेवटी तोडगा निघाला तो अगदी आपल्या पद्धतीचा, पहिलं सेमिस्टर अ‍ॅप आणि मस्टर दोन्ही. म्हणजे दहा मिनिटं वाचणार होती तिथे आता पंधरा जाणार.
डेटा कुठे ठेवता विचारलं तर कंपनीचा माणूस म्हणाला "क्लाउडवर". कोणाच्या, किती वर्षं, पोरगं पास झाल्यावर पुसणार का, याची उत्तरं लेखी मागितली आहेत.
तासिकेवाला, तुमचं म्हणणं खरं ठरलं. मीटिंगच्या शेवटी प्राचार्यांनी विचारलं, यात प्राध्यापकनिहाय रिपोर्ट निघतो का?

तासिकेवाला
समोशांचं बजेट धरा सर.

एकशून्य
सर, करारात एक ओळ घालून घ्या की करार संपला की नव्वद दिवसांत चेहऱ्याचा डेटा पुसल्याचं पत्र द्यायचं, आणि पत्र मिळेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही. मसुदा व्यनि (खाजगी निरोप) करतो.

रानजाई
थँक्यू सर. तुमच्याकडे तीस मिनिटं झाली हे आमच्या सरांना सांगते. एक विचारायचं होतं, तुमच्याकडचं अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवर चालतं का? आमच्याकडे नवीन अपडेट आल्यापासून माझ्या फोनवर उघडतच नाहीये.